छायाचित्रांची सामाईक कणगी

छायाचित्र काढणारा एक असतो. परंतु ते आपल्याला मिळावे अशी इच्छा बाळगणारे अनेक असतात. लग्नाच्या मांडवात टिपलेले चित्र वधूच्या माहेरी हवे असते, सासरीही हवे असते, आणि कामधंद्यासाठी दूर गेलेल्या मामालाही त्याची प्रतीक्षा असते. शाळेच्या सहलीचे चित्र तर तिला गेलेल्या प्रत्येक मुलाचे असते. जोवर छायाचित्रे फिल्मवर उमटत होती, तोवर ही इच्छा पुरी करणे खर्चाचे काम होते. एका रिळात बहुधा ३६ चित्रे मावत. ते रीळ छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत धुवून घ्यावे लागे आणि पुढे प्रत्येक प्रतीस वेगळे दाम मोजावे लागत. म्हणून समूहाचे चित्र एखाद्याच घरच्या भिंतीवर चौकटीत लागे, आणि इतरांनी तेथे जाऊन ते पाहावे, असा रिवाज पडला होता.

आता काळ पालटला आहे. चित्राची प्रत काढण्यास कागद लागत नाही, शाई लागत नाही आणि अंधारी खोलीही लागत नाही. एका चित्राच्या शंभर प्रती क्षणात निघतात. तरीसुद्धा “ते चित्र मला मिळालेच नाही” ही तक्रार घरोघरी ऐकू येतेच. याचे कारण उघड आहे. चित्रे उदंड झाली. परंतु ती सर्वांना सापडतील आणि वर्षानुवर्षे सुरक्षित राहतील, अशी एक जागा ठरविण्याचे काम मात्र बहुतेक समूह करीत नाहीत. सुगीचे धान खळ्यावर कितीही मोठ्या राशीने पडले, तरी ते कणगीत भरून ठेवल्यावाचून वर्षभर पुरत नाही. छायाचित्रांची गोष्टही अशीच आहे. कणगी कोणती घ्यावी, तिला किती खर्च येईल आणि तिचे झाकण कोणी सांभाळावे, याचा विचार आधी केला पाहिजे.

हा विचार कसा करावा, हे समजून घेण्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याकडे वळणे योग्य होईल. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याची विभागणी होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भूमीवर अरण्य पसरलेले आहे. धानोरा हे गाव गडचिरोलीच्या पूर्वेस, छत्तीसगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. भोवताली धानाची शेते आणि त्यांच्यापलीकडे साग, मोह, तेंदू व बांबू यांनी भरलेले रान, असे या मुलखाचे रूप आहे. गोंड समाजाची वस्ती येथे मोठी असून मराठीच्या जोडीला गोंडी भाषा घराघरांत बोलली जाते.

याच तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे एक लहान गाव आहे. “दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही या गावाची घोषणा महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना जे सामूहिक हक्क देऊ केले, ते देशात सर्वप्रथम मिळविणाऱ्या गावांत मेंढ्याची गणना होते. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ साली त्या रानातील बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. या गावाची दोन वैशिष्ट्ये प्रस्तुत विषयासाठी फार उपयोगी आहेत. एक म्हणजे, कोणताही मोठा निर्णय घेण्यापूर्वी गावकरी अभ्यासगटात बसून त्या विषयाची माहिती करून घेतात. दुसरे म्हणजे, निर्णय बहुमताने न होता सर्वांच्या सहमतीने होतो. दहांना पटले आणि दोघांना पटले नाही, तर त्या दोघांचे म्हणणे समजून घेऊन पुन्हा चर्चा होते.

आता अशी कल्पना करावी की, धानोरा तालुक्यातील एका शाळेच्या ३० मुलांनी आपल्या रानाची चित्रमय नोंद करावयाचे ठरविले आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचली जाणारी मोहफुले, मे महिन्यातील तेंदूपानांचे पुडे, पावसाळ्यात फुटणारे बांबूचे कोंब, धानाची रोवणी, पोळ्याचे बैल, रानभाज्या आणि पक्षी यांची छायाचित्रे वर्षभर काढावयाची आहेत. मुलांजवळ स्वतःचे मोबाइल नाहीत. शिक्षक व पालक यांचे मिळून सहा मोबाइल या कामी येणार आहेत. वर्षाअखेरीस ६०० छायाचित्रे जमतील. ती ३० घरांतील सर्वांना पाहता यावीत, पुढच्या वर्षीच्या मुलांना मिळावीत, आणि या साऱ्यास खर्च शक्य तितका थोडा यावा, एवढीच अपेक्षा आहे. अपेक्षा साधी दिसते. पण तिच्यात बरेच प्रश्न दडलेले आहेत.

पहिला प्रश्न असा की, छायाचित्र “इंटरनेटवर ठेवणे” म्हणजे नेमके काय? पुष्कळांची समजूत अशी असते की, चित्र कोठेतरी आकाशात, ढगात जाऊन राहते. ‘क्लाउड’ या नावामुळे ही समजूत अधिकच दृढ होते. वस्तुतः ते चित्र एखाद्या मोठ्या इमारतीत ठेवलेल्या संगणकावर जाऊन बसते. अशा इमारतीत सहस्रावधी संगणक रात्रंदिवस चालू असतात. त्यांना अखंड वीज लागते, थंड ठेवावे लागते आणि त्यांच्यावर पहाराही ठेवावा लागतो. ही इमारत कोणाची तरी मालमत्ता असते. म्हणजे छायाचित्र इंटरनेटवर ठेवणे हे आपले धान दुसऱ्याच्या गोदामात ठेवण्यासारखे आहे. गोदाम मजबूत असेल, मालक भला असेल, भाडेही कदाचित नसेल. तथापि गोदाम आपले नव्हे, ही गोष्ट विसरून चालत नाही.

दुसरा प्रश्न आकाराचा आहे. मोबाइलने काढलेले चित्र म्हणजे अगणित बारीक रंगीत ठिपक्यांची रांगोळीच होय. ज्या चित्राच्या लांबीत ४,००० आणि रुंदीत ३,००० ठिपके असतात, त्यात एकंदर १ कोटी २० लाख ठिपके भरतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाची नोंद जशीच्या तशी ठेवली, तर एकच चित्र ३६ एमबी जागा व्यापील. म्हणून ‘जेपीईजी’ नावाची एक युक्ती वापरली जाते. १९९२ साली प्रमाणित झालेली ही पद्धत, मनुष्याच्या डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळून, चित्राचा भार पुष्कळ कमी करते. त्यामुळे ३६ एमबीचे चित्र ३ एमबीच्या आसपास येऊन बसते. मुलांची ६०० चित्रे या हिशेबाने १,८०० एमबी, म्हणजे सुमारे १.८ जीबी होतील.

आता ही चित्रे पाठविण्यास किती वेळ लागेल, तेही पाहिले पाहिजे. ३ एमबी म्हणजे २४ मेगाबिट. जंगलभागात मोबाइलचा संकेत पुष्कळदा क्षीण असतो. सेकंदाला २ मेगाबिट एवढाच वेग मिळाला, तर एका चित्रास १२ सेकंद लागतील आणि ६०० चित्रांस ७,२०० सेकंद, म्हणजे पुरे दोन तास लागतील. हेच चित्र आकाराने एक-षष्ठांश करून अर्ध्या एमबीवर आणले, तर सारे काम २० मिनिटांत उरकेल. परंतु मग मोहफुलाच्या पाकळीवरील शीर किंवा पक्ष्याच्या पंखावरील पट्टा पुसट होऊन जाईल. ज्याला चित्र केवळ पाहावयाचे आहे त्याला लहान चित्र पुरते. ज्याला त्यातून काही ओळखावयाचे आहे, किंवा ते मोठे करून शाळेच्या भिंतीवर लावावयाचे आहे, त्याला मूळ चित्रच हवे. ‘सोपे’ आणि ‘उत्तम’ यांची येथे अशी ओढाताण होते.

हे ध्यानी घेऊन निरनिराळ्या मार्गांची पारख केली पाहिजे. सर्वांच्या परिचयाचा मार्ग म्हणजे व्हॉट्सॲपसारख्या संदेशसेवेवरील गट. तो बहुतेक घरांत आधीपासूनच असतो, नवे काही शिकावे लागत नाही आणि इंटरनेटच्या खर्चापलीकडे निराळा पैसा द्यावा लागत नाही. आज रोवणी झाली आणि आजच तिचे चित्र आजीला दिसले, हा आनंद या मार्गाने सहज मिळतो. परंतु तो ओढ्यासारखा आहे. त्यातून पाणी वाहून जाते, साठून राहत नाही. सणाच्या शुभेच्छा, सभेच्या सूचना आणि इतर गप्पा यांच्या पुरात मार्च महिन्यातील मोहफूल जूनमध्ये शोधू म्हटले तरी सापडत नाही. साध्या रीतीने पाठविलेले चित्र वाटेत लहानही केले जाते. शिवाय ते प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये उतरून तेथील जागा व्यापते. ज्यांचे मोबाइल जुने व थोड्या जागेचे असतात, ते मग नाइलाजाने चित्रे पुसून टाकतात. काही काळ लोटल्यावर ती चित्रे पुन्हा उतरवून घेता येत नाहीत.

दुसरा मार्ग सामाईक अल्बमचा. गूगल फोटोजसारख्या सेवेत एक जण अल्बम उघडतो, इतरांना त्याचा दुवा पाठवितो, आणि परवानगी असेल तर प्रत्येकाला आपापली चित्रे त्यात घालता येतात. चित्रे तारखेच्या क्रमाने लागतात आणि पाहणाऱ्याच्या मोबाइलमध्ये ती कायमची उतरवावी लागत नाहीत. याला जुळा असा तिसरा मार्ग म्हणजे इंटरनेटवरील सामाईक फोल्डर. त्यात मूळ चित्र कमी न करता ठेवता येते, आणि ‘झाडे’, ‘पक्षी’, ‘सण’ असे कप्पेही पाडता येतात. मात्र तो वापरण्यास थोडा सराव लागतो. अशा सेवा काही मर्यादेपर्यंत विनामूल्य जागा देतात. ही मर्यादा १५ जीबीची असेल, तर वर्षाला १.८ जीबी या हिशेबाने मुलांना ती आठ वर्षे पुरेल. मात्र त्याच खात्यावर खातेदाराची टपालेही साठत असतील, तर जागा त्याहून लवकर भरेल. ज्याचा पत्रव्यवहार मोठा आहे, त्याच्या खासगी खात्यावर शाळेचा अल्बम उघडू नये, हा धडा यातून मिळतो.

चौथा मार्ग सार्वजनिक संग्रहाचा. विकिमीडिया कॉमन्स नावाचा एक जागतिक चित्रसंग्रह ७ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झाला. आज त्यात १० कोटींहून अधिक चित्रे व इतर फायली आहेत. मराठी विकिपीडियाच्या लेखांतील पुष्कळ चित्रे याच संग्रहातून येतात. येथे जागेचे भाडे नाही आणि जाहिरातीही नाहीत. मात्र येथील नियम नीट समजून घेतले पाहिजेत. येथे ठेवलेले चित्र साऱ्या जगाचे होते. कोणीही ते पुस्तकात छापावे, त्यात बदल करावा, त्यातून पैसाही मिळवावा, अशी मुभा द्यावी लागते, आणि एकदा दिलेली मुभा परत घेता येत नाही. वर्गाच्या वनभोजनाचे किंवा घरच्या बारशाचे चित्र येथे ठेवणे उचित नव्हे. परंतु मोहाच्या बहराचे, बांबूच्या कोंबाचे किंवा रोवणीच्या शेताचे उत्तम चित्र येथे ठेवले, तर पुण्यातील किंवा आफ्रिकेतील मुलालाही ते पाहता येईल. धानोऱ्याच्या रानाचे ते जगाला दिलेले देणेच ठरेल.

पाचवा मार्ग इंटरनेटचा नव्हे; पण तो विसरल्यास पुढील चारही मार्ग लंगडे पडतात. मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क यांवर चित्रांची प्रत काढून ती शाळेच्या कपाटात ठेवणे, हा तो मार्ग होय. ३ एमबीची दहा हजार चित्रे ३२ जीबीच्या नखाएवढ्या कार्डात मावतात. संकेत नसला तरी ही चित्रे पाहता येतात. मात्र कार्ड हरवते, बिघडते, पावसात भिजते. म्हणून एकच प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखेच समजावे.

मार्ग कोणताही निवडला, तरी तो किती काळ टिकेल, हा प्रश्न उरतोच. भारतातील सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. त्यानंतरच्या थोड्या वर्षांतच अनेक गोदामे उघडली आणि बंदही झाली. ऑर्कुट ही सेवा भारतात एके काळी अत्यंत लोकप्रिय होती. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ती बंद झाली. चित्रे ठेवण्यासाठी प्रसिद्ध असलेली पिकासा ही सेवा २०१६ साली गुंडाळण्यात आली. फ्लिकरने २०१३ साली प्रत्येकाला विनामूल्य प्रचंड जागा दिली होती. २०१९ साली तिने विनामूल्य खात्यावर १,००० चित्रांची मर्यादा घातली. गूगल फोटोज २०१५ साली सुरू झाली तेव्हा किंचित लहान केलेली चित्रे अमर्याद ठेवू देत असे. १ जून २०२१ पासून नवी चित्रे विनामूल्य जागेच्या मर्यादेत मोजली जाऊ लागली. सर्वांत दुःखद कथा मायस्पेसची आहे. संगणक बदलण्याच्या कामात जुनी गाणी व छायाचित्रे नष्ट झाल्याचे २०१९ साली उघड झाले आणि अगणित लोकांच्या आठवणी पुन्हा मिळाल्या नाहीत.

यात कोणास दोष देण्याचे प्रयोजन नाही. गोदामाला भाडे लागते, विजेचा खर्च लागतो. तो आज मालक सोसतो, उद्या सोसणार नाही. जी वस्तू फुकट मिळते, तिचे दाम कोणीतरी कोठेतरी देत असतोच. म्हणून शहाण्या मनुष्याने दोन प्रश्न आधीच विचारावेत. या गोदामातून आपली सारी चित्रे एका वेळी बाहेर काढता येतात काय? आणि येथे ठेवलेल्या चित्रांची दुसरी प्रत आपल्यापाशी आहे काय? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे उत्तरही ‘होय’ असेल, तर कोणतीही सेवा बंद पडली तरी रडण्याची पाळी येत नाही.

स्वस्तपणा व सोय यांच्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचा असा आणखी एक विचार आहे. तो म्हणजे ज्याचे चित्र काढले त्याच्या मानाचा. पाणी भरणारी स्त्री, नाचणारा तरुण, आजारी म्हातारा यांचे चित्र काढणे सोपे असते. पण ते कोणापुढे मांडावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रथम त्यांचा आहे. मुलांनी त्यांना त्यांच्या भाषेत विचारले पाहिजे, चित्र दाखविले पाहिजे आणि ‘नको’ म्हटल्यास ते आनंदाने पुसले पाहिजे. देवस्थानाजवळ किंवा एखाद्या विधीच्या वेळी गावाने चित्र काढू नये असे सांगितले, तर मोबाइल खिशात राहिला पाहिजे. लहान मुलांच्या बाबतीत कायद्यानेही काळजी घेतली आहे. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याचे बंधन घातले आहे. बहुतेक सेवा १३ वर्षांखालील मुलांना स्वतःचे खाते उघडू देत नाहीत. म्हणून मुलांच्या कामासाठी खाते उघडावयाचे ते शिक्षकांनी किंवा पालकांनीच उघडले पाहिजे.

अल्बमच्या दुव्याबाबतही सावध राहिले पाहिजे. दुवा म्हणजे किल्ली होय. ‘ज्याच्याजवळ दुवा त्याला प्रवेश’ अशी व्यवस्था ठेवली, तर तो दुवा एका गटातून दुसऱ्या गटात जाऊन कोणाच्याही हाती पडू शकतो. त्यापेक्षा ठरावीक लोकांनाच नावाने प्रवेश देणे अधिक सुरक्षित असते. शिवाय पुष्कळ मोबाइल छायाचित्राच्या पोटात ते कोणत्या दिवशी, किती वाजता आणि पृथ्वीवरील कोणत्या जागी काढले, याची अदृश्य नोंद करून ठेवतात. मूळ चित्र जसेच्या तसे दिले, की ही नोंदही बरोबर जाते. आंब्याच्या झाडाच्या बाबतीत तिच्यामुळे बिघडत नाही. परंतु दुर्मिळ पक्ष्याचे घरटे किंवा वाघाचा पाणवठा यांचे ठिकाण अशा नोंदीतून शिकाऱ्याला कळले, तर ज्या प्राण्याचे कौतुक म्हणून चित्र काढले त्याच्याच जिवावर ते बेतेल. अशा वेळी मोबाइलमधील स्थाननोंद आधीच बंद करून ठेवणे, हेच योग्य होय.

एवढी माहिती गोळा झाली म्हणजे निर्णयाची वेळ येते. मेंढ्याच्या रीतीने मुलांनी एकत्र बसावे. ज्याला यंत्राची सर्वांत अधिक माहिती आहे, त्यालाच विचारून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. पण त्याला जे सोपे वाटते ते सर्वांना सोपे असतेच असे नाही. गणना दुसऱ्या टोकाकडून सुरू करावी. ज्या घरात मोठा मोबाइलच नाही, त्या घरातील आजीला चित्र कसे दिसेल? ज्या पाड्यावर संकेत येत नाही, तेथील मुलाने काढलेले चित्र अल्बमपर्यंत कसे पोहोचेल? ज्याच्या मोबाइलचा मासिक डेटा लवकर संपतो, त्याने काय करावे? या प्रश्नांची उत्तरे जेथे मिळतील, तो मार्ग साऱ्या समूहाचा. एक घरही बाहेर राहिले, तर ती कणगी सामाईक म्हणता येणार नाही.

अशा चर्चेतून बहुधा असे दिसून येईल की, एकाच मार्गावर विसंबण्यापेक्षा प्रत्येक मार्गाकडून त्याला साजेसे काम घ्यावे. गावात संकेत असेल तेव्हा निवडक दोन-चार चित्रे गटावर पाठवावीत. ती ताजी बातमी म्हणून. सर्व मूळ चित्रे आठवड्यातून एकदा शाळेत कार्डावरून गोळा करून, शिक्षकांनी याच कामासाठी उघडलेल्या खात्यातील सामाईक अल्बमात चढवावीत; तो वर्षाचा साठा म्हणून. दर महिन्यास त्या साठ्याची एक प्रत डिस्कवर घेऊन ती शाळेच्या कपाटात ठेवावी, आणि दुसरी प्रत एखाद्या जबाबदार पालकाच्या घरी ठेवावी. ते बियाणे म्हणून. वर्षाअखेरीस सर्वांच्या संमतीने दहा-वीस उत्तम निसर्गचित्रे सार्वजनिक संग्रहास द्यावीत. ते दान म्हणून. आणि ज्या घरी मोबाइल नाही, त्या घरासाठी दोन-तीन चित्रांच्या कागदी प्रती काढाव्यात. कारण आजीच्या उशाशी राहील असे चित्र अजून कागदावरचेच असते. या साऱ्या योजनेत मुख्य खर्च दोन डिस्कांचा व थोड्या कागदी प्रतींचा आहे. तो ३० घरांत वाटला, तर कोणावरही भार पडत नाही.

शेवटचे काम सर्वांत स्वस्त आहे. पण तेच बहुधा राहून जाते. प्रत्येक चित्राला नाव दिले पाहिजे. यंत्र चित्रास जो आकड्यांचा क्रमांक देते, त्याने काहीच बोध होत नाही. तारीख, गाव, वस्तूचे मराठी नाव, तिचे गोंडी नाव आणि चित्र काढणाऱ्याचे नाव अशी एक ओळ लिहिण्यास अर्धे मिनिट लागते. रानभाजी ओळखणारी वृद्ध बाई जोवर शेजारी आहे, तोवर त्या भाजीचे नाव विचारून लिहून ठेवता येते. ती गेल्यावर चित्र राहील, परंतु त्या हिरव्या पानास काय म्हणत, ते कसे शिजवीत आणि ते कोणत्या ओढ्याकाठी मिळे, हे सांगणारे कोणी राहणार नाही. नाव नसलेले चित्र मुके असते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकांच्या ज्ञानाच्या नोंदवह्या करावयाच्या असतात. नीट नावे दिलेली मुलांची चित्रे अशा नोंदवहीला फार मोलाचा आधार देऊ शकतील.

यंत्रे बदलत राहतील. आजची सेवा उद्या राहील किंवा न राहील. आजचे कार्ड उद्याच्या यंत्रात बसेल किंवा न बसेल. परंतु आधी माहिती घ्यावी, सर्वांना विचारून ठरवावे, दुबळ्या घराची आठवण ठेवावी, दुसऱ्याचा मान राखावा आणि एकाहून अधिक ठिकाणी बियाणे जपावे, या गोष्टी जुन्या होत नाहीत. धानाची कणगी विणताना आणि भरताना धानोऱ्याच्या शेतकऱ्याला हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. छायाचित्रांची कणगी भरणाऱ्या मुलांनी ते आपल्या घरातूनच उचलावे.